खराट्याची काडी

लोटूआप्पांना लेकीच्या घरचं पाणी चालत नसे. सुरतेच्या डिंडोलीतल्या त्यांच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लेक नूतन काही फार लांब नाही, इथे उधन्यालाच दिलेली. आप्पा तिला भेटायला जायचे ते काखेत स्वतःची बाटली मारून. दाराच्या आत भिंतीला टेकून बसायचे, खुशाली विचारायचे आणि तहान लागली की आपल्याच बाटलीतला घोट घ्यायचे. एकदा ऐन मे महिन्यात बाटली संपली, तर उठून खाली रस्त्यावरच्या नळावर गेले. नूतननं पुढे केलेला तांब्या तसाच राहिला. तेव्हा तिला बापाचा केवढा तो अभिमान! सासूच्या कानावर जावं अशा आवाजात ती शेजारणीला म्हणाली होती, आमचे आप्पा जुन्या वळणाचे, लेकीचा दाणाही तोंडात घालायचे नाहीत. पुढे त्याच वळणाची तिला अशी शिसारी आली की विचारू नका. कशी आली, तेच सांगायचं आहे.

आप्पांच्या रक्तात जुनी कावीळ होती. ती कधी शिरली ते कुणालाच ठाऊक नाही. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, माणूस पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये वर्षानुवर्षं ओल्या कापडाचे गठ्ठे ओढत राहिला आणि आतल्या आत लिव्हर वाळत गेली. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाला लिव्हरचा कॅन्सर झाला म्हटल्यावर गल्लीनं आधी तोंडात बोटं घातली, मग तीच बोटं काढून कुजबुज सुरू केली की नक्की चोरून पीत असणार. लोकांच्या जिभेला कुठे हाड असतं! पहिल्या वेळी डॉक्टरांनी लिव्हरचा एक भाग कापून काढला. आप्पा उठले, हिंडू-फिरू लागले, कळण्याची भाकरी मागून खाऊ लागले. सगळ्यांना वाटलं, सुटलो. आणि मग तपासणीच्या एका फेरीत डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. उरलेल्या लिव्हरमध्ये नवी गाठ आली होती.

त्या दिवशी आप्पांबरोबर नूतन होती. नेहमी तीच असायची. नवरा धर्मेंद्र यानं दुसरीशी संधान बांधून तिला घराबाहेर काढलं, त्याला दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. ती माहेरी राहायची आणि रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला जायची. भाऊ गोपाल एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर. त्याला सुट्टी मिळत नाही, असं तो सांगायचा. क्रिकेटच्या मॅचसाठी मात्र मिळायची. आई शोभाबाईला दवाखान्याच्या वासानंच घेरी यायची. म्हणजे आप्पांचे रिपोर्ट, गोळ्या, रांगा, सगळं नूतनच्या गळ्यात.

डॉक्टरीणबाई गुजराती, पण सावकाश हिंदीत समजावून सांगायच्या. त्या म्हणाल्या, परत कापता आलं असतं तर मी आधी तेच सांगितलं असतं. पण उरलेली लिव्हर कडक झाली आहे, त्यातलं आणखी काढलं तर राहील तेवढ्यावर यांचं शरीर चालणार नाही. दुसरा रस्ता म्हणजे बाहेरून सुई घालून ती गाठ जागच्या जागी जाळायची. गाठ लहान आहे, तेव्हा ते जमेल. पण ज्या लिव्हरमधून ही उगवली ती तशीच राहणार, उद्या दुसरीकडे उगवली तर काय, याची हमी मी देत नाही. आणि तिसरा रस्ता, आजारी लिव्हर पुरतीच काढून घरातल्या कुणाच्या तरी निरोगी लिव्हरचा भाग बसवायचा. गाठही जाते आणि ती उगवण्याची जमीनही जाते. पुढची वर्षं मिळण्याची सगळ्यात चांगली आशा त्यातच आहे. देणाऱ्याची लिव्हर काही महिन्यांत पुन्हा भरून येते, तरी ऑपरेशन मोठं असतं, जिवाला धोका थोडा का होईना असतोच, हेही बाईंनी लपवलं नाही. रक्तगट जुळायला हवा, वय फार नको, आणि रक्तात कावीळ नको.

नूतनचा रक्तगट आप्पांचाच होता. गोपालचाही तोच. शोभाबाईचा वेगळा. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायचं म्हणून सगळ्यांचे गट तपासलेले, त्यामुळे हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आणि खरं सांगायचं तर नूतननं तिथल्या तिथे, त्या खुर्चीत बसल्या बसल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. मी देईन. त्यात विचार करण्यासारखं तिला काही वाटलंच नाही. रिक्षात तिनं आप्पांकडे पाहिलं. ते बाहेर उड्डाणपुलाकडे बघत होते, हात मांडीवर उताणे पडलेले, नखांच्या कडांना रंगाची जुनी निळी रेघ. ही रेघ नोकरी सुटली तरी गेली नव्हती. तिच्या अगदी ओठांवर आलं होतं की आप्पा, काळजी करू नका. पण आप्पाच आधी बोलले. म्हणाले, निंबाआबाले सांगनं पडी. तिनं मान डोलावली आणि गप्प बसली. आजही तिला वाटतं, तेव्हाच मी बोलले असते तर पुढची सगळी घाण टळली असती.

निंबाआबा म्हणजे आप्पांचा मोठा भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हा आबानंच लोटूला अमळनेरकडच्या गावातून सुरतेत आणलं, मिलमध्ये चिकटवलं, लग्न लावून दिलं. तेव्हापासून आप्पांनी स्वतःच्या डोक्यानं एक बनियनसुद्धा विकत घेतलं नसेल. आबा म्हणेल ती पूर्व दिशा. समाजाच्या बैठकीतही आबाच मधोमध बसायचा. कुणाची सोयरीक, कुणाची फारकत, कुणाच्या भिंतीचं भांडण, सगळीकडे त्याची मिशी आधी पोचायची. केसांना कलप लावून तो स्वतःला पन्नाशीचा म्हणवायचा.

तर रविवारी बैठक बसली. आप्पांच्या घरासमोर, खाटा टाकून. आबा, समाजातले चार जाणते, गोपाल, आणि एका खाटेवर उशीला टेकून आप्पा. आत चुलीशी बाया: शोभाबाई, गोपालची बायको जयश्री आणि नूतन, भजी तळायला. माणूस मरायला टेकलाय आणि यांना भजी पाहिजेत, पण ते असो. बैठक म्हटलं की भजी हा आमच्याकडे धर्मच आहे.

आधी विषय निघाला गोपालचा. मुलगा, तरणा, गट जुळतो. त्यावर जयश्री कढई सोडून दारात आली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली की माझ्या लेकरांच्या बापाच्या अंगाला मी सुरी लागू देणार नाही. गोपालनं मान खाली घातली, आणि ती शरमेनं नव्हे, सुटल्याच्या आनंदानं घातली हे नूतनला दारातून दिसलं. मशीनवर उभं राहावं लागतं, वजन उचलावं लागतं, असं काहीबाही तो पुटपुटला. जाणते म्हणाले, बरोबर आहे, वंशाचा दिवा आहे, त्याला कसं हात लावायचा. मग कुणीतरी आबाकडे पाहिलं. आणि काय सांगू, कलप लावणारा निंबाआबा त्या क्षणी म्हातारा झाला! आपलं खरं वय त्यानं भर बैठकीत मोठ्यांदा सांगितलं, वर गुडघ्यावर हात ठेवून कण्हला.

मग थोडा वेळ नुसतीच भजी खाल्ली गेली. चावण्याचा आवाज आतपर्यंत येत होता. नूतनला कळलं की आता आपली पाळी.

एक जाणता म्हणाला, लेक आहे ना. दुसरा लगेच म्हणाला, छे छे, लेकीचं घ्यायचं म्हणजे महापाप, लोटू तर पाणीसुद्धा घेत नाही. आता यावर खरं तर गोष्ट संपायची. पण निंबाआबा कशाला बैठकीत मधोमध बसतो? त्यानं मिशीवरचा बेसनाचा कण टिपला आणि वाट काढली. म्हणाला, दिलेली लेक परक्याची, तिचं घेतलं तर पाप. ही कुठे दिलेली आहे? ही तर परत आलेली आहे. फक्त काडी मोडायची राहिली आहे. काडी मोडली की वरचं नातं तुटलं, पोरगी घरची झाली. आणि घरच्या वस्तूला कसलं आलंय पाप.

घरची वस्तू. हे शब्द त्यानं वापरले, आणि खाटेवरच्या एकालाही ते खटकले नाहीत. वर कुणीतरी म्हणालं, तिला तसंही मागे कोण आहे, ना नवरा ना लेकरू, कुणाचं काही अडत नाही. हे बोलणं नूतननं दाराच्या फटीतून ऐकलं. मोरीत जाऊन तिनं चूळ भरली, पुन्हा भरली, पण तोंडाची कडवट चव गेली नाही.

आणि आप्पा? आप्पा उशीला टेकून होते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बाटलीचं टोपण फिरवत राहिले.

रात्री शोभाबाई लेकीच्या अंथरुणाशी येऊन बसली. डोळे पुसत म्हणाली की माझा गट जुळला असता तर मी कुणाला विचारलंसुद्धा नसतं, पण पोरी, तुना बाप शे तो. नूतन म्हणाली, माय, मी नाही कुठे म्हणते, पण आप्पांनी मला अजून विचारलेलं नाही. शोभाबाई म्हणाली, लेकीकडे मागायचं नसतं ना बाई, म्हणून ते मागत नाहीत. नूतन छताकडे बघत पडली. मागायचं नसतं, पण घ्यायचं असतं. हे गणित तिला काही केल्या सुटेना.

काडी मोडायला धर्मेंद्रला बोलावणं गेलं आणि तो उड्या मारत आला. का नाही येणार? दोन वर्षं तो फारकतीसाठी आबाच्या मागे होता, आणि नूतन अडून बसली होती की आधी माझी खावटी, म्हणजे पोटगी, ठरवा. आता सासरचेच बोलवतायत म्हटल्यावर त्याला आयतं ताट मिळालं. त्यानं अट घातली, खावटीचं नाव काढायचं नाही, भांडीकुंडी मागायची नाहीत. आबानं एका दमात मान्य केलं. कशाला नाही करणार, आबाच्या खिशातून काय जात होतं!

काडी कुठून आणायची, तर आबानं आत हाक मारली. शोभाबाईनं कोपऱ्यातल्या खराट्यातून एक लांबशी काडी उपसून दिली. नूतनला बाहेर बोलावलं. काडीचं एक टोक तिच्या बोटांत, दुसरं धर्मेंद्रच्या. त्यानं ओढलं. कट्‌ असा अगदी बारीक आवाज आला. आठ वर्षांचा संसार तेवढ्या आवाजात संपला. धर्मेंद्रनं चार जाणत्यांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं की आजपासून ही माझी कुणी नाही, हिचं बरं-वाईट मला लागत नाही. मग चहा-भजी झाली. नूतन कप गोळा करायला बाहेर आली तेव्हा निंबाआबा त्या मोडलेल्या काडीच्या एका तुकड्यानं दात कोरत होता. दाढेतून भज्याचा तुकडा निघाला, तो त्यानं बघितला, परत तोंडात टाकला आणि काडी तिच्या हातातल्या ट्रेवर ठेवून दिली.

माणसाला किळस यावी ती किती! नूतनला वाटलं हा ट्रे याच्या डोक्यात घालावा. पण तिनं तो आत नेला आणि काडी कचऱ्यात टाकली. दुसरा तुकडा अंगणात पडला होता, तो मात्र तिनं उचलून कनवटीला खोचला. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावरही ती दवाखान्यात तपासण्यांना गेलीच कशी? गेली. बाप तो बाप. रक्त दिलं, फोटो काढले, त्या मशीनच्या बोगद्यात श्वास रोखून पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तुझी लिव्हर उत्तम आहे, काही अडचण नाही. प्रत्येक फेरीला ती रिक्षात आप्पांच्या शेजारी बसायची आणि वाट बघायची. आज बोलतील. आज नाही तर उद्या. एवढंच म्हणायचं होतं त्यांनी, पोरी, देशील का. ती हो म्हणायला टपलेलीच होती. आप्पा उड्डाणपूल बघायचे.

मग नवीनच फाटा फुटला. दवाखान्यातली कागदपत्रं बघणारी सोनाली नावाची पोरगी, मूळची जळगावची, तिनं सांगितलं की नूतनताई विवाहित आहेत, तेव्हा नवऱ्याची संमती लागेल. निंबाआबा ऐटीत म्हणाला, कसला नवरा, काडी मोडली आमच्या बैठकीत. सोनालीनं शांतपणे विचारलं, कोर्टाचा कागद आहे का? नसेल तर सरकारच्या लेखी त्या त्यांच्या बायकोच आहेत, काडीचं इथे काही चालत नाही. आबाचं तोंड आंबट झालं. बैठकीचा शब्द खानदेशात आणि डिंडोलीत चालतो, म्हणून तो सगळ्या जगात चालतो, असं मानूनच हा माणूस म्हातारा झालेला. नूतनला एका दृष्टीनं हसू आलं. खावटी गेली, भांडी गेली, आणि काडीनं सुटलं काय, तर काहीच नाही.

पण आबा हरतो थोडाच. तो उधन्याला जाऊन धर्मेंद्रला घेऊन आला. कसं वळवलं असेल ते देव जाणे, पण धर्मेंद्रला आता तोटा कसला होता? आला, इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर मारून. खिडकीतल्या कारकुनानं गुजरातीत विचारलं की या बाई आपल्या कोण. धर्मेंद्रनं नूतनच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाला, "मारी वाइफ छे."

तोच माणूस. तोच छातीवरचा हात, आता तिच्या खांद्यावर. बैठकीत कुणी नाही म्हणून शपथ घेतली, खिडकीशी बायको म्हणून सही ठोकली. त्या हाताची ओलसर ऊब ब्लाउजमधून आत उतरली आणि नूतनच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. तिनं खांदा झटकला. पलीकडे आबा समाधानानं मिशी कुरवाळत होता. गोपालही आला होता, त्याला त्या दिवशी सुट्टी मिळाली होती. शोभाबाईही नाकाला पदर लावून आली होती. सगळे कसे खुशीत होते, जणू वरात निघायची आहे.

शेवटची पायरी राहिली होती. देणाऱ्याशी एकट्यात बोलायचं, असा तिथला नियम. एका लहानशा खोलीत दवाखान्याच्या समुपदेशक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेल्या. त्यांनी दार लावून घेतलं. सोनाली भाषेसाठी बसली. बाईंनी विचारलं, तुम्ही हे मनापासून देताय का. नूतन सहीच्या कागदाकडे बघत राहिली. तेव्हा बाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या की तुमची इच्छा नसेल तर तसं सांगा. आम्ही बाहेर फक्त एवढंच सांगू की ह्या दाता म्हणून चालत नाहीत. का चालत नाहीत ते आम्ही कुणाला सांगत नाही, विचारलं तरी सांगत नाही.

नूतनला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. आणि विचारलं कुणी, तर ना नात्याच्या ना गोत्याच्या बाईनं. तिला रडू फुटलं. बाईंनी रडू दिलं. मग डोळे पुसून नूतन म्हणाली की माझ्या आप्पांना आत बोलवा, एकट्यांना. त्यांनी काय ते मला एकदा सांगावं. ते म्हणाले तर आत्ता सही करते. बाईंनी सोनालीकडे पाहिलं, मग मान डोलावली.

आप्पा आले. बाटली काखेत. खुर्चीच्या कडेवर बसले, उधन्याला बसायचे तसे, उठून जायच्या तयारीनं. किती वाळले होते! गालाची हाडं वर आलेली, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल. नूतननं मनातल्या मनात देवाला हात जोडले की यांच्या तोंडून एक शब्द काढ, बाकी मी बघते.

"आप्पा," ती म्हणाली, "मनी लिव्हर तुमले पाहिजे का? पाहिजे व्हई ते तुम्हीच मांगा."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, कितीतरी दिवसांनी. ओठ हलले. नूतन पुढे झुकली. मग त्यांची नजर दाराकडे गेली, ज्याच्या पलीकडे निंबाआबा उभा होता.

"तुना आबाले इचार," ते म्हणाले.

झालं. नूतन मागे टेकली. तिला राग आला नाही, रागसुद्धा आला नाही. फक्त एक घाणेरडी गोष्ट तिला लख्ख कळली. हा माणूस उधन्याला तिच्या घरचं पाणी घेत नव्हता तो तिच्या मायेपोटी नव्हे. आपलं तोंड स्वच्छ राहावं म्हणून. मागितलं नाही की पाप नाही. मागणारा आबा, देणारी लेक, मोडणारा जावई, आणि यांचं तोंड धुतल्यासारखं कोरं. पाणी नको, पण आतडी-काळीज कापून ताटात वाढलं तर न बोलता जेवायला बसतील. त्या मे महिन्यातला भरलेला तांब्या तिला आठवला आणि तिला तेव्हाच्या स्वतःचीच किळस आली. केवढा अभिमान वाटला होता मूर्खाला!

सोनाली आप्पांना हळूच बाहेर सोडून परत आली. नूतन समुपदेशक बाईंना म्हणाली, नाही द्यायची मला. बाईंनी कसलाही प्रश्न केला नाही.

बाहेर बाकड्यांपाशी सगळे उभे होते. सोनालीनं सांगितलं की तपासण्या आणि भेट, सगळं बघून दवाखान्यानं ठरवलंय, ह्या दाता म्हणून चालत नाहीत. डॉक्टरीणबाई सुईनं गाठ जाळण्याची तारीख देतील, त्यानंतर दर तीन महिन्यांनी तपासायचं. शोभाबाई मटकन खाली बसली. गोपालचा चेहरा पडला, कारण सोनालीनं पुढे विचारलं की घरात अजून कुणाचा गट जुळतो का. तो लगेच मोबाइल काढून कोपऱ्यात गेला. धर्मेंद्रनं तर, चला, मी निघतो, टेम्पो उभा आहे, म्हणून काढता पाय घेतला. आबानं आप्पांना विचारलं की आत काय बोलणं झालं. आप्पा याही वेळी काही बोलले नाहीत. उभ्या जन्मात त्यांचा गप्प बसण्याचा गुण पहिल्यांदाच लेकीच्या उपयोगी पडला.

आबानं नूतनला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बाजारात बैलाचा दात खोटा निघाल्यावर बघतात तसं. तिची प्रकृती बरी आहे ना, तिला काय झालंय, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्यानं सुस्कारा सोडला.

"उगाच मोडली काडी," तो म्हणाला.

नूतननं कनवटीला हात घातला. तो तुकडा ती दर फेरीला बरोबर आणायची, आजही तिथेच होता, साडीच्या घडीत घट्ट. खावटी काडीनं जात नाही, कोर्टात मागता येते, हे तिला मघाशी बाहेर येता येता सोनालीनं सांगितलं होतं. तिनं तुकडा काढून आबापुढे धरला.

"उगाच कशी, आबा? अर्ध्या काडीनं तुम्ही दात कोरले. ही उरलेली अर्धी कोर्टात खावटी मागताना माझ्या कामाला येईल."

मग तिनं आईला दंडाला धरून उठवलं, बाकड्यावर बसवलं आणि आप्पांची फाइल काखेत मारून सुईची तारीख घ्यायला रांगेत जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं आप्पा तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांची बाटली रिकामी झाली होती. त्यांनी ती तिच्यापुढे धरली, तोंडानं काही न बोलता. नूतननं बाटलीकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे बोट केलं.

"नळ तिकडे आहे," ती म्हणाली, आणि रांगेत पुढे सरकली.